अक्कल, शहाणपण आणि पत्र्यावरचे दगड

"एवढी साधी अक्कल नाही का तुला?" हे वाक्य ऐकल्याशिवाय मराठी घरातलं बालपण पूर्ण होत नाही. दूध उतू गेलं, पाहुण्यांसमोर नको ते बोलून गेलो, सुट्टे पैसे न घेता दुकानातून परत आलो... कारण काहीही चालतं. पण एक गंमत बघा. "एवढं साधं शहाणपण नाही का तुला?" असं कुणी सहसा ओरडत नाही. अक्कल ही प्रत्येकाकडे असायलाच हवी अशी वस्तू आहे, रेशन कार्डासारखी. शहाणपणाची अपेक्षाच नसते. उलट कुणी दाखवायला गेलाच तर "जास्त शहाणपणा करू नको" म्हणून गप्प बसवतात. दीडशहाणा ही आपल्याकडे शिवी आहे!

बऱ्याच लोकांचं म्हणणं असं की या दोन गोष्टी मुळात एकच. कॉमन सेन्स मुरला, त्यावर चार पावसाळे गेले की त्याचं शहाणपण होतं, जसं कैरीचं लोणचं होतं. मला हे पटत नाही. माझ्या मते कॉमन सेन्स म्हणजे हजारदा विचारल्या गेलेल्या प्रश्नाचं तयार उत्तर. ते उत्तर बहुतेक वेळा बरोबरच असतं, म्हणून तर टिकतं. शहाणपण ही वेगळी गोष्ट आहे. हे उत्तर नेमकं कुठल्या प्रश्नाचं होतं हे लक्षात ठेवणं, आणि समोरचा प्रश्न बदललाय हे ओळखणं. हवेत बोलण्यापेक्षा आमच्या मराठवाड्यातलीच उदाहरणं घेतो. दुर्दैवाने आमच्याकडे ती भरपूर आहेत.

सगळ्यात मोठं उदाहरण माळवदाचं. ज्यांनी माळवदाचं घर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दगडाच्या भिंती, मातीत रचलेल्या. जाडी दोन फुटांपासून पुढे, मोठ्या वाड्यांमध्ये तर पाच-सहा फुटांपर्यंत. आत लाकडाचे खांब, त्यावर तुळया, वर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. घर किती मोठं हे स्क्वेअर फुटात नाही, खणांत सांगायचं. मे महिन्यात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री असताना आत जाऊन बसा, एसी विसराल. (मी पुण्यात पाचव्या मजल्यावर टॉप फ्लोअरला राहतो. स्लॅब संध्याकाळी सातला जो तापलेला असतो तो रात्री एकपर्यंत तसाच. प्रगती!) शिवाय चोराला फोडायला अवघड भिंत, वर झोपायला आणि डाळी-मिरच्या वाळवायला सपाट जागा, आणि सगळं सामान गावाच्या शिवारातलं. सिमेंट नाही, वाहतूक नाही. आर्किटेक्चरच्या कॉलेजात आज ज्याला सस्टेनेबल म्हणून शिकवतात ते आमच्या गवंड्यांनी कधीच करून ठेवलं होतं.

आता पावसाळ्यात गळणार नाही असं माळवद नसतंच. मग करायचं काय? पाऊस यायच्या आधी वर नवीन माती टाकायची आणि चोपायची. दरवर्षी. बापानं टाकली, मुलानं टाकली, नातवानं टाकली. गळतंय तिथे माती टाका, इतका सोपा कॉमन सेन्स. काढायची मात्र कुणीच नाही, कारण काढायची गरज काय? अशा छतांवर एक ते अडीच फुटांपर्यंत माती साचलेली असायची. एका घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या पुढे जातं. तुमच्या खाटेवर ते किती येतं याचा हिशोब करून बघा.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे चित्र नवीन नाही. जुन्या प्रोजेक्टमध्ये बग आला की पॅच मारायचा. पॅचवर पॅच. प्रत्येक पॅच मारणारा शहाणाच असतो, त्याच्यासमोर डेडलाईन असते, गळती समोर दिसत असते. एकूण किती माती झाली हे बघण्याचं काम मात्र कुणाच्याच टाइमशीटमध्ये नसतं.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपलेले. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं किल्लारी आणि आसपासची गावं, शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातलं सास्तूर... साधारण ६.२ तीव्रतेचा भूकंप. मृतांचा अधिकृत आकडा आठ हजारांच्या जवळ, काही नोंदींमध्ये तो दहा हजारांपर्यंत जातो. माझा जन्म त्यानंतरचा. पण आमच्या भागात 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपानंतर' अशी कालगणना ऐकतच आम्ही मोठे झालो.

बहुतेक माणसं जमीन फाटून मेली नाहीत. ती घराखाली मेली. आणि यातला सगळ्यात विचित्र, अंगावर येणारा भाग असा की जेवढी भिंत जाड आणि जेवढं माळवद जड, तेवढा धोका जास्त होता. ज्यांना परवडत नव्हतं म्हणून जे झोपडीत किंवा कुडाच्या घरात राहत होते, त्यांच्या अंगावर पडायला फारसं काही नव्हतं. पिढ्यान् पिढ्या 'मजबूत घर' म्हणून ज्याकडे बोट दाखवलं गेलं, तेच उलटलं.

या जाड भिंती आतून एकसंध नव्हत्याच. बाहेरून एक दगडाची रांग, आतून एक रांग आणि मधे भरलेले तुकडे नि माती. उभं वजन पेलायला हे ठीक आहे. आडवा हादरा बसला की दोन्ही रांगा एकमेकींपासून सुटतात, एक आत पडते, एक बाहेर. गंमत म्हणजे (गंमत कसली, पण शब्द सुचत नाही) कितीतरी घरांत भिंती ढासळल्यावरही लाकडी खांबांचा सांगाडा तसाच उभा राहिलेला दिसला.

मग आमचे पूर्वज मूर्ख होते का? अजिबात नाही! 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' अशी म्हण आहे आपल्याकडे. कॉमन सेन्स तयार होण्याची सगळी रीत या चार शब्दांत आली. पण ठेच लागलेला पुढचा माणूस दिसला तरच मागचा शहाणा होणार ना? ऊन दरवर्षी येतं. पाऊस दरवर्षी येतो. चोर अधूनमधून येतात. या भागात एवढा मोठा भूकंप कुणाच्या आजोबा-पणजोबांनी पाहिला नव्हता. पुढचा माणूस इतका पुढे गेलेला की त्याची ठेच कुणाला दिसलीच नाही. भूकंप म्हणजे कोयना, १९६७, हे सगळ्यांना ठाऊक. भूकंप-नकाशातही तेव्हा हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन एकमध्ये होता. २००२ साली मानक बदललं तेव्हा तो झोन तीनमध्ये गेला. म्हणजे पुस्तक लिहिणाऱ्यांनाही ठेच लागल्यावरच समजलं. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये किल्लारी भागात छोटे धक्के बसत होते, लोक घाबरलेही होते. मग धक्के कमी झाले आणि रोजचे व्यवहार सुरू झाले. रोजच्या व्यवहारांपुढे कुठली भीती टिकते?

इथे लातूर पॅटर्नची आठवण येतेच. मागच्या दहा वर्षांचे पेपर सोडवा, पुन्हा सोडवा, झोपेतही उत्तर आलं पाहिजे. मी चेष्टा करत नाहीये, या पॅटर्नने आमच्या भागातली हजारो मुलं डॉक्टर-इंजिनिअर झालीत. पण तो मागच्या पेपरांतल्या प्रश्नांचा पॅटर्न आहे. १९९३ चा प्रश्न आउट ऑफ सिलॅबस होता.

यापुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ठेच लागल्यावर माणूस शहाणा झाला का, हे तिथे कळतं. उत्तर आहे, अर्धवट. ठेच लागल्याबरोबर एक नवीन कॉमन सेन्स तयार झाला. दगड मारतो, सिमेंट वाचवतं. बस्स. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. मदत देशभरातून आली, जागतिक बँकेचं कर्ज आलं, कामही खूप झालं, त्याबद्दल वाद नाही. पण नवीन गावं आखली ती शहरातल्या कॉलनीसारखी. सरळ रुंद रस्ते, सारखे प्लॉट. जमीन किती त्यावरून घर, २५०, ४०० किंवा ७५० चौरस फूट. बैल कुठे बांधायचा, कडबा कुठे रचायचा, चार भावांची चूल एका अंगणात होती ती आता चार गल्ल्यांत कशी पेटायची? गुबाळसारख्या गावात तर घुमटाकार घरं बांधली. घुमट भूकंपात उत्तम टिकतो हे शंभर टक्के खरं. पण गोल भिंतीला कपाट कसं लावायचं आणि मुलाचं लग्न झाल्यावर खोली कशी वाढवायची, हे गावातल्या कुठल्याही बाईने पाच मिनिटांत विचारलं असतं.

सांगायचा मुद्दा, तज्ज्ञ म्हणजे शहाणे आणि गावकरी म्हणजे कॉमन सेन्सवाले असली वाटणी मला मान्य नाही. डिग्री घेऊनही माणूस तयार उत्तरंच देऊ शकतो. फक्त त्याची उत्तरं दुसऱ्या गावाहून आलेली असतात.

या सगळ्यात मला शहाणपण म्हणावंसं वाटतं ते एका कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टीला. काही इंजिनिअर आणि संस्था तेव्हा सांगत होते की घर पाडू नका, दगडाला शिव्या देऊ नका. माळवदावरची जास्तीची माती उतरवा. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारे लांब दगड बसवा, म्हणजे दोन्ही रांगा एकमेकींना धरून राहतील. खांब आणि तुळई जिथे मिळतात तिथे तिरके लाकडी टेकू द्या. भिंतीला वरून पट्टा बांधा. यात उन्हाचं जुनं उत्तरही शाबूत राहतं आणि भूकंपाचंही मिळतं. हे कितपत झालं? फार नाही. सरकारी मदतीत बहुतेकांनी जुनं घर मजबूत करण्यापेक्षा शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधणं पसंत केलं. त्यांना दोष कसा देणार? ज्या भिंतीखाली माणसं गेली त्याच प्रकारच्या भिंतीखाली तुम्ही झोपला असता का? इंजिनिअरच्या सांगण्यावरून? मला नाही वाटत.

आता दुसरं उदाहरण, यात प्रश्न आउट ऑफ सिलॅबस नव्हता. एप्रिल २०१६. लातूरला रेल्वेनं पाणी. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वॅगन, प्रत्येकी पन्नास हजार लिटर. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती गर्दी होऊ नये म्हणून कलम १४४ लावावं लागलं होतं. मांजरा धरण कोरडं. 'जलदूत'चं देशभर कौतुक झालं, आम्हा मराठवाड्याबाहेर नोकरी करणाऱ्यांना ऑफिसात विचारलं जायचं, तुमच्याकडे खरंच पाणी ट्रेनने येतं का?

या भागातला सरासरी पाऊस सातशे-आठशे मिलिमीटर. उसाला एका हंगामात दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. पाचवीतल्या मुलाला वजाबाकी करता येईल. पण ऊस लावणारा शेतकरी बिनअकलेचा आहे का? त्याच्या जागी बसून बघा. तुरीचा भाव पडतो, सोयाबीनचा पडतो, उसाला कायद्याने ठरलेला दर आहे. कारखाना दारात. गारपिटीनंतरही हातात काहीतरी राहतं. त्याचा निर्णय त्याच्यापुरता अगदी बरोबर. बोअरचंही तसंच. शेजाऱ्याने तीनशे फूट घेतला, याला पाणी कमी झालं, याने पाचशे घेतला. न घेणारा मूर्ख ठरतो! इथे प्रत्येकाचा कॉमन सेन्स बरोबर आणि सगळ्यांची बेरीज वेडेपणा. त्या वर्षी सप्टेंबरच्या शेवटी पाऊस धो धो आला, मांजरा भरलं, आणि मग पुन्हा ऊस. मला त्या शेतकऱ्याचा राग येत नाही. ज्यांचं कामच बेरीज करणं आहे, त्यांनी कारखाने वाढवले आणि बेरीज केली नाही, त्यांचा येतो.

बेरीज करायला लावली की कसं वाटतं, ते नांदेडकरांना विचारा. धर्माबाद तालुक्यात गोदावरीवर बाभळीचा बंधारा. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, २८ फेब्रुवारी २०१३ ला निकाल लागला. १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे ठेवायचे. म्हणजे नदी भरून वाहत असताना अडवायचं नाही, आणि पावसाळा सरल्यावर काय उरेल ते अडवायचं. "याला काय अक्कल म्हणावं का?" हे वाक्य आमच्याकडे हमखास ऐकायला मिळतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तो नियम आवडत नाही. पण खाली श्रीरामसागरवर अवलंबून असलेल्या शेतकऱ्याच्या जागी मी उभा राहिलो (तो आता तेलंगणातला), तर वरच्याने पावसाळ्यात दारं बंद करावीत हे मलाही चाललं नसतं. अक्कल काठावर उभी राहून बघते. कोर्टाला दोन्ही काठांवरून बघणं भाग होतं. आवडण्याचा प्रश्नच वेगळा.

असो. हे सगळं एकदम आठवायचं कारण आमचे काका. कंधार तालुक्यात आमचं जुनं घर आहे, अर्धं माळवद, अर्ध्यावर पत्रे. २१ मार्च २०२४ च्या सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात ४.५ चा धक्का बसला, नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. जुलैमध्ये पुन्हा एकदा. मार्चमधल्या धक्क्यानंतर प्रशासनाने आवाहन केलं की घरावरच्या पत्र्यांवर आधाराला ठेवलेले दगड काढून घ्या. मी लगेच फोन केला.

"काढतो म्हणं," काका म्हणाले, "अन् वळवाचं वारं आलं की पत्रे तुझ्या पुण्यात येऊन पडतील, घे झेलून."

"काका, पण धक्का बसला आणि दगड खाली आला तर?"

"भूकंप काय दरसाल येतंय का? वारं मात्र दरसाल येतंय."

यावर काय बोलणार? कॉमन सेन्सची इतकी नेमकी व्याख्या मी कुठे वाचलेली नाही. आणि ते चूक नव्हते. नुसते दगड काढले असते तर पुढच्याच वादळात पत्रे उडाले असते, आणि उडालेला पत्राही माणूस मारतो. दगड हे वाऱ्याचं उत्तर होतं. ते काढायला सांगताना वाऱ्याला दुसरं उत्तर देणं भाग होतं. ते असतं खरं तर अगदी साधं, पत्रा खालच्या लोखंडी नळ्यांना हुकांनी आवळून बसवायचा. वॉशर लावून. दोन दिवसांचं काम, काही हजार रुपये. हे मी सांगितल्यावर काका म्हणाले, "हे अगुदर सांगायचं की!" हुक बसले, दगड उतरले. त्यातले दोन आता मोटारसायकलच्या स्टँडखाली आहेत.

माळवदाचं मात्र अजून अडलेलं आहे. काकांना माती उतरवून त्याच जुन्या दगडी भिंतींवर सिमेंटचा स्लॅब टाकायचाय. गावातल्या गवंड्याने सांगितलंय, तीन फुटाची भिंत आहे, दोन मजले पेलेल. उभं वजन पेलेलच, त्यात शंका नाही. गावात अशी तीन-चार घरं झालीत आणि दिसतात झकास. मी म्हणतोय की आधी नांदेडहून एखादा स्ट्रक्चरल इंजिनिअर आणून भिंत दाखवू, तिच्यात आरपार दगड आहेत का ते तरी बघू, फी मी देतो. काका म्हणतात, त्या पैशात वीस पोती सिमेंट येतं. काकूंना दोन्ही नको, त्यांना उन्हाळ्यात दुपारी झोपायला माळवदच हवंय, फक्त गळायला नको. सध्या एवढंच ठरलंय की दिवाळीला मी गेलो की वरची दीड फूट माती उतरवायची आणि लाकूड किती कुजलंय ते बघायचं. फावडी तीन आहेत, चौथं शेजाऱ्यांकडून आणायचं.